शब्दांची चौकशी : कागदावरची जुनी इंग्रजी

प्रश्न : दुकानाच्या गाळ्याचा भाडेपट्टा इंग्रजीत आहे. त्यात गाळ्याला जागोजागी ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हटलंय. डिमाइज म्हणजे मृत्यू ना?

उत्तर : गाळा सुखरूप आहे. कायद्याच्या भाषेत ‘डिमाइज’ म्हणजे मिळकत पट्ट्याने दुसऱ्याकडे सोपवणं. इंग्लंडचा राजा वारला की राज्य वारसाकडे जाई. त्या हस्तांतराला ‘डिमाइज ऑफ द क्राउन’ म्हणत आणि त्यावरूनच पुढे मृत्यू हा अर्थ चिकटला. तुम्ही ‘पट्ट्याने दिलेली जागा’ एवढंच वाचा.

त्यापेक्षा त्याच कागदात ‘डिटर्मिन’ कुठे आहे ते शोधा. ‘द लेसर मे डिटर्मिन धिस लीज’ याचा अर्थ ‘मालक पट्टा ठरवील’ असा लावून लोक सही करून मोकळे होतात. इथे डिटर्मिन म्हणजे संपुष्टात आणणं. हे पट्टा मोडायचं कलम आहे! नोटीस किती दिवसांची, कोणत्या कारणांसाठी, आणि हाच हक्क भाडेकरूलाही आहे का, हे सहीआधी तपासा. शब्दकोशात पहिल्याच अर्थावर थांबू नका. नोंदीत खाली ‘लॉ’ अशी खूण असलेला अर्थ बघा. ‘मेस्युएज’ (घर, त्याच्या आवारातली जोडबांधकामं आणि लगतची जागा) किंवा ‘हेरेडिटामेंट’ (वारसाहक्काने जाऊ शकणारी मिळकत) असले अगडबंब शब्द दिसले की माणूस वकिलाला विचारतोच. डिटर्मिनबद्दल कोणी विचारत नाही.

प्रश्न : पासपोर्टवर ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ असं छापलेलं आहे. ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’ ना? मग ‘विदाउट’ कशाला?

उत्तर : हा ‘लेट’ वेगळा. प्राचीन इंग्रजीत अडवणे आणि करू देणे यांसाठी दोन स्वतंत्र क्रियापदं होती. उच्चार घासत घासत दोन्हींचं ‘लेट’ झालं. अडवण्याचा अर्थ बोलण्यातून गेला, या मजकुरात मात्र टिकला. राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती आहे ती : पासपोर्टधारकाला आडकाठी न करता जाऊ द्यावं. ‘लेट’ आणि ‘हिंडरन्स’ दोन्हींचा अर्थ अडथळाच. आपण ‘दगडधोंडे’ म्हणतो तशी ही जोडी.

प्रश्न : आजोबांच्या 10 जानेवारी 1938 च्या व्यापारी पत्रात ‘युअर लेटर ऑफ द 28थ अल्ट.’ असं आहे. अल्टिमेट म्हणजे शेवटचं पत्र का?

उत्तर : नाही. ‘अल्टिमो’ या लॅटिन शब्दाचं ते लघुरूप : मागच्या महिन्यात. म्हणजे 28 डिसेंबर 1937. जानेवारीतल्या पत्रात वर्षही मागे जातं. जुनी पत्रं तारीखवार लावताना नेमकं इथेच चुकतं. ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘प्रॉक्स.’ म्हणजे पुढचा. महिना पत्रावरच्या तारखेपासून मोजायचा, टपालाच्या शिक्क्यावरून नाही. 31 तारखेचं पत्र 1 तारखेला शिक्का खाऊ शकतं.

प्रश्न : बिलाच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ असतं, ते काय?

उत्तर : ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’. एक्सेप्टेड (excepted) म्हणजे ‘वगळून’, ‘स्वीकारून’ (accepted) नव्हे, स्पेलिंग बघा. आपलं चू. भू. द्या. घ्या.