रेल्वे सरकारची नेमकी कधी झाली?

प्रश्न : आपली मुंबई-पुणे रेल्वे सरकारने १९०० साली घेतली, असे एका ठिकाणी वाचले, दुसरीकडे १९२५ हे साल सापडते. खरे कोणते? (सदाशिव पेठ)

उत्तर : दोन्ही. १९०० साली मालकी सरकारकडे आली, कारभार मात्र १ जुलै १९२५ रोजी आला. हा मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीला तिने गुंतवलेल्या भांडवलावर सरकारने पाच टक्के परताव्याची हमी आणि फुकट जमीन दिली होती. नफा तेवढा झाला नाही, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्या करदात्यांच्या पैशातून, भरून निघे. त्यामुळे काटकसर करण्याचे कंपनीला फारसे कारणच उरत नसे. सरकारने रेल्वे विकत घेतल्यानंतरही ती चालवण्याचे काम त्याच कंपनीकडे राहिले आणि तिचे संचालक मंडळ लंडनमध्ये बसत असे. ज्या देशाने रेल्वेची किंमत मोजली, त्याला तिच्या कारभारात पाव शतक पुरेसा अधिकार नसावा, हा माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय आहे. रेल्वेच्या कारभाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या १९२०-२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीतही, कारभार कंपनीने करावा की सरकारने, या प्रश्नावर एकमत झाले नाही; अध्यक्ष विल्यम अ‍ॅकवर्थ यांनी, आणि सदस्यांपैकी श्रीनिवास शास्त्री यांनी, सरकारी व्यवस्थापनाची बाजू घेतली व पुढे तीच मान्य झाली.

प्रश्न : रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा का असे? (कोथरूड)

उत्तर : याच समितीच्या शिफारशीमुळे. रेल्वेचा पैसा सर्वसाधारण खर्चात मिसळला की रूळ, डबे आणि इंजिने यांच्या नूतनीकरणाला कात्री लागते, हे तिने दाखवून दिले होते. १९२४ साली हिशेब वेगळे झाले. २०१७ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प पुन्हा केंद्राच्या अर्थसंकल्पातच मांडला जातो.

प्रश्न : पुण्याहून नवी गाडी हवी असल्यास मागणी कोणाकडे करावी? (हडपसर)

उत्तर : निवेदन पुण्याच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे द्यावे, परंतु लांब पल्ल्याच्या नव्या गाडीचा निर्णय ते घेत नाहीत. प्रस्ताव मुंबईतील मध्य रेल्वेच्या महाव्यवस्थापकांमार्फत दिल्लीला रेल्वे बोर्डाकडे जातो. स्थानकावरील स्वच्छता, पाणी, फलाट यांबाबतच्या तक्रारी मात्र पुण्यातच सुटू शकतात, कारण २००३ पासून पुण्याला स्वतंत्र विभाग आहे. मेट्रोचा या यंत्रणेशी संबंध नाही. ती केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त मालकीच्या महामेट्रोकडे आहे.