आईवडील पुण्यात, आपण मेलबर्नला: पुन्हा साथ आली तर

तुमचा प्रश्न असा: आईबाबा पुण्यात, दोघंही पंचाहत्तरीपुढचे, तुम्ही मेलबर्नला. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर लगेच निघता यावं म्हणून काय तयारी ठेवायची? माझं मत विचाराल तर निघण्याची तयारी हाच यातला सगळ्यात बिनभरवशाचा भाग आहे. आपण पोचणार नाही असं धरून चाला.

भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. ती पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. मधल्या काळात अडकलेल्यांना आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची आणि नंतर दोन देशांतल्या करारावर चालणारी 'एअर बबल'ची विमानं होती, पण नुसतं तिकीट मिळून भागत नव्हतं. ऑस्ट्रेलियाने स्वतःच्या नागरिकांनाही परवानगीशिवाय देशाबाहेर जायला मनाई केली होती. परवानगी काढून गेलात तरी परत येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा, तीही जुलै २०२१ मध्ये निम्म्यावर आणलेली. त्याआधी एप्रिलअखेर, भारतात दुसरी लाट टिपेला असताना, तिथून येणारी विमानंच बंद केली. मेच्या पहिल्या पंधरवड्यात भारतातून परतणाऱ्या नागरिकाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. आईवडिलांना इकडे आणावं, तर प्रवेशाची सूट 'जवळच्या कुटुंबा'ला, आणि त्यात नवरा-बायको आणि अवलंबून असलेली मुलं बसायची. नागरिकांचे आईवडील त्यात आले ते १ नोव्हेंबर २०२१ पासून. हे नियम पुढच्या वेळी असेच असतील असं नाही, पण सौम्य असतील यावर मी पैज लावणार नाही.

म्हणून पुण्यात कोण उभं राहणार, हे आधी ठरवा. दवाखान्यात भरती करताना सही, डिपॉझिट, औषधांची धावपळ यासाठी माणूस लागतो. मावसभाऊ, चुलतबहीण, सोसायटीतलं कोणी, जे असेल ते; पण 'गरज पडली तर बघशील ना' असं मोघम नको. आणि भावाला विचाराल तेव्हा वहिनीलाही विचारा, कारण डबे आणि हेलपाटे बहुतेक तिच्याच वाट्याला येतात.

पैशाच्या बाबतीत लोक मुखत्यारपत्रावर विसंबतात. ते करा, पण त्याची मर्यादा ओळखा. देणारा गेला की ते संपतं, आणि तो बेशुद्ध किंवा विस्मरणाने निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तेव्हाही भारतात त्याचा आधार राहत नाही. म्हणजे नेमकं हवं तेव्हाच नाही. आईबाबांचं रोजच्या खर्चाचं खातं जोड-खातं आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही एकटं चालवू शकेल असं) आहे ना, ते पासबुकात बघा. दोघंही एकदम आजारी पडू शकतात, तेव्हा दवाखान्याच्या पहिल्या डिपॉझिटइतकी रक्कम त्या भावाच्या किंवा बहिणीच्या खात्यात आधीच टाकून ठेवा. नात्यात संकोच वाटेल, तरी टाका.

ओटीपीचा घोळ कुणी लक्षात घेत नाही. २०२१ मध्ये कोविन या लसनोंदणीच्या पोर्टलवर परदेशातली मुलं रात्री जागून लशीचा स्लॉट शोधायची आणि ओटीपी जायचा बाबांच्या फोनवर. बाबा झोपलेले. बँकेचंही तेच. बाबा दवाखान्यात आणि फोन घरी कपाटात, चार्ज संपलेला, तर तुम्ही मेलबर्नहून काहीच करू शकत नाही. फोन कोणाकडे राहील आणि त्याचा पिन कोणाला माहीत, हे आजच ठरवा. औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि आरोग्यविम्याचं कार्ड यांचे फोटो त्या माणसाच्याही मोबाइलमध्ये हवेत.

आईबाबा इकडे आलेले असताना सीमा बंद झाली तर प्रश्न उलटा. व्हिसावर '८५०३' ही, म्हणजे इथे राहून पुढचा व्हिसा मागता येणार नाही अशी, अट आहे का ते आधीच पाहा. ती असेल तर मुदतवाढीआधी सूट मागावी लागते. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की भारतातली चिठ्ठी इथल्या औषधदुकानात चालत नाही, इथल्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जावंच लागतं. प्रवाशांचा आरोग्यविमा आधीपासूनचे आजार किती धरतो, तेही वाचून ठेवा.

पुण्यातला विमा कॅशलेस आहे की आधी पैसे भरून नंतर परत मागायचे, ते कळवा. पुढचं त्यावर सांगता येईल.