वाचकांचे प्रश्न: संप मिटला, मग पाळी कोण लावणार?

प्रश्न: मुरगाव बंदरातल्या जुन्या गोदी कामगारांच्या बोलण्यात अमेरिकेच्या हॅरी ब्रिजेस यांचे नाव ऐकले. संप तर सगळेच पुढारी करतात. यांनी वेगळे काय केले?
– एक वाचक, बायणा, वास्को

उत्तर: ब्रिजेस मूळचे मेलबर्नचे, जन्म १९०१. खलाशी म्हणून १९२० मध्ये अमेरिकेत आले आणि १९२२ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर हमाली करू लागले. तेव्हा भल्या पहाटे माणसांचा घोळका उभा राही आणि मुकादम त्यातून बोटाने माणसे निवडी. त्याला बाटली किंवा पैसे चारणाऱ्याला काम, तोंड उघडणाऱ्याला घरचा रस्ता. १९३४ चा ८३ दिवसांचा संप पगारासाठी होताच, पण खरे भांडण या बोटाशी होते. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात सॅन फ्रान्सिस्कोत दोघे मेले आणि पुढे शहरभर सार्वत्रिक संप झाला.

लवादाने सहा तासांचा दिवस आणि तासाला ९५ सेंट दिले. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कामवाटपाचे केंद्र. ते मालक आणि युनियन मिळून चालवणार, पण पाळी लावणारा माणूस युनियनचा. नियम साधा: ज्याचे तास सर्वांत कमी भरले, तो आधी कामावर. तासांचा हिशोब सर्वांसमोर असल्याने वशिल्याला जागा उरत नाही. आपल्याकडे १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली नोंदणी आणि पाळीपाळीने काम आले. पण इथल्या मंडळात सरकार, मालक आणि कामगार असे तिघे बसत. फरक लहान वाटतो, पण कामगाराच्या लेखी तो मोठा आहे.

१९३७ ते १९७७ अशी चाळीस वर्षे ब्रिजेस गोदी कामगारांच्या युनियनचे अध्यक्ष होते. कम्युनिस्ट ठरवून त्यांना देशाबाहेर घालवण्याचे खटले वर्षानुवर्षे चालले. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हद्दपारी रद्द केली, त्याच वर्षी नागरिकत्व मिळाले.

प्रश्न: यंत्रे आली तेव्हा त्यांनी विरोध केला का?
– तोच वाचक

उत्तर: नाही, आणि याच मुद्द्यावर आजही वाद आहे. १९६० च्या करारात त्यांनी यंत्रांना वाट दिली. बदल्यात मालकांनी वर्षाला ५० लाख डॉलर निधी द्यायचा. नोंदणीकृत कामगाराला कमी करायचे नाही, आणि वयाच्या ६५ व्या वर्षी २५ वर्षांची सेवा असल्यास ७,९२० डॉलर एकरकमी. हिशोब चुकला तो कंटेनर, म्हणजे माल भरलेल्या मोठ्या बंद पेट्या, किती वेगाने पसरतील याचा. शिवाय, १९६६ च्या कराराने मालकांना क्रेनचालक केंद्राबाहेरून कायमचे ठेवायची मुभा मिळाली. म्हणजे तासांची समानता तिथेच फुटली, ज्या कामाला सर्वांत जास्त भाव होता. १९७१ चा संप पेटायला हे कलम मोठे कारण ठरले. तो १३४ दिवस चालला. स्वतः ब्रिजेस त्या संपाला फारसे उत्सुक नव्हते.