फिजीला जाताना ड्यूटी-फ्री बाटली किती नेता येते? येताना तिथून मोबाइल आणला तर स्वस्त पडतो का?

तुम्ही लिहिलंय की साडूंकडे फिजीला चाललाय, त्यांच्यासाठी बाटल्या न्यायच्यात, आणि चुलतभावाने येताना तिथून मोबाइल आणायला सांगितलाय कारण ‘तिकडे ड्यूटी-फ्री असतं’. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

आधी बाटलीचं सांगून टाकते. मी गेले तेव्हा फिजीत १७ वर्षं आणि त्यापुढच्या माणसाला ड्यूटी न भरता स्पिरिट म्हणजे व्हिस्की-रम वगैरे २.२५ लिटर, किंवा वाइन ४.५ लिटर, किंवा बिअर ४.५ लिटर चालायची. ‘किंवा’ आहे, तिन्ही पूर्ण नेता येत नाहीत. पण मुंबईपासून ओझं वाहू नका, फिजीच्या एअरपोर्टवर उतरल्यावर बॅगा घ्यायच्या तिथेच ड्यूटी-फ्रीचं दुकान आहे, तिथे घ्या. मुंबईत घेतलीत तर वाटेत सिंगापूरला किंवा सिडनीला विमान बदलताना परत सिक्युरिटी होते, तेव्हा ती सीलबंद पारदर्शक पिशवी आणि आतली पावती जशीच्या तशी लागते. पिशवी फोडलीत की बाटली गेली. सिगारेटच्या भानगडीत आमच्या घरी कुणी नाही त्यामुळे ते सोडते.

आता मोबाइलचं.

२०१८ साली मी लेकीच्या बाळंतपणाला सुवाला, फिजीच्या राजधानीत, गेले होते. जावई तिथे नोकरीला. आपल्या पासपोर्टला चार महिन्यांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे एकदम निवांत गेले. निघायच्या आठवडाभर आधी आमचे थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, घरी आले आणि म्हणाले, येताना मुलासाठी कॅमेरा आण, फिजी म्हणजे ड्यूटी-फ्री, निम्म्यात मिळेल. मॉडेल कागदावर लिहून दिलं. आणि जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, फॉर्मवर सगळीकडे ‘नो’ लिही, येस लिहिलं की अडकवतात.

माझ्या बॅगेत काय काय होतं ते बाळंतपण केलेल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, सुंठ, घरी कढवलेलं साजूक तूप. विमानात फॉर्म हातात आला, त्यात विचारलेलं की खायचं, बी-बियाणं, दुधाचं काही आहे का. हळीव म्हणजे बीच की हो. मी ‘येस’ लिहिलं. लिहिताना हात थरथरत होता कारण डोक्यात दादांचं वाक्य.

नान्दीला, तिथल्या मोठ्या एअरपोर्टवर, उतरले (स्पेलिंग वाचून आपण नाडी म्हणतो, पण तिथे मधला न येतो, नान्दी) आणि मला बाजूच्या टेबलावर नेलं. तिथे बायोसिक्युरिटीची, म्हणजे बाहेरून कीड-रोग येऊ नये म्हणून सामान तपासणाऱ्या खात्याची बाई होती, आपल्यासारखीच दिसणारी, कपाळाला टिकली. एकेक पुडा काढून विचारायची, ‘ई कोंची है?’ त्यांची हिंदी आपल्या हिंदीसारखी नाही, भोजपुरी-अवधीकडची आहे, १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं आपल्या देशातून करारावर तिथे उसाच्या मळ्यात नेली, त्या करारालाच ती माणसं गिरमिट म्हणायची, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. मी सांगितलं, बेटी पेटसे है, उसके लिए. तिने लाडू फोडून बघितला, वास घेतला आणि परत दिला. सुंठ परत दिली. हळीव, शेपा आणि तूप ठेवून घेतलं, आणि मला म्हणाली की तुम्ही लिहिलंत म्हणून फक्त सामान जातंय, लपवलं असतंत तर दंड झाला असता. वीस मिनिटांत बाहेर. एक अक्षर वाकडं बोलली नाही. दादांचा तो ‘अडकवतात’ तिथेच संपायला हवा होता, पण संपला नाही.

लेकीला मुलगा झाला, सगळं नीट पार पडलं. शेवटचे तीन आठवडे आमचे हे पण आले. परतीच्या आदल्या दिवशी आम्ही नान्दीला राहिलो. तिथे एकच मोठा रस्ता आहे, एका टोकाला ते रंगीबेरंगी गोपुराचं सुब्रमण्यम स्वामींचं देऊळ, आणि रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं, बरीचशी गुजराती लोकांची. हे लोक गिरमिटात आलेले नाहीत, नंतर आपल्या पैशाने तिकीट काढून धंद्याला आले. एका दुकानात कॅमेऱ्याचं विचारलं. मालक माझ्याच वयाचे. मला म्हणाले, बहेन, मुंबईत घ्या. धंदेवाला माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतोय म्हटल्यावर मी स्टुलावर बसलेच. त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या काळात, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात, ऑस्ट्रेलियातून टुरिस्ट यायचे आणि ट्रान्झिस्टर, घड्याळं, कॅमेरे पिशव्या भरभरून न्यायचे, कारण त्यांच्या देशात आयातीवर जबर ड्यूटी होती आणि इथे नव्हती. पुढे तिकडची ड्यूटी उतरली, मालही सगळीकडे मिळायला लागला, मग इथून वाहून न्यायचं कारणच उरलं नाही. आपल्याकडे तरी दुसरं काय झालं? ऐंशीच्या दशकात दुबई-सिंगापूरहून टू-इन-वन आणला की अख्खी चाळ बघायला यायची. दादा अजून त्या चाळीत उभे आहेत.

मी हे सगळं दादांना फोन करून सांगितलं. तर म्हणाले दुकानदार उल्लू बनवतोय, एअरपोर्टवर घे, तिथे खरं ड्यूटी-फ्री असतं. घेतला. २,४०० फिजी डॉलर. तेव्हा डॉलर साधारण ३३ रुपये होता, म्हणजे ७९,२०० रुपये झाले. वर चार्जरची पिन ऑस्ट्रेलियन पद्धतीची, तिरक्या पट्ट्यांची, आपल्या सॉकेटला बसत नाही. आणि वॉरंटी भारतात चालणार नव्हती.

मुंबईला उतरलो तर यांच्या मोबाइलवर दादांचा मेसेज आलेला, ग्रीन चॅनलने (ड्यूटी भरण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने) सरळ या, कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर दोघांची लिमिट मिळून लाख होते. हे तर साफ चूक आहे. तेव्हा माणशी ५०,००० ची सूट होती आणि ती प्रत्येकाची आपापली, नवरा-बायकोची बेरीज करून एका वस्तूला लावता येत नाही. मी रेड चॅनलला, म्हणजे ड्यूटी लागणारा माल सांगायचा तिथे, गेले. पावती दाखवली. वरच्या २९,२०० वर ३८.५ टक्क्यांनी ड्यूटी लावली, ११,२४२ रुपये, कार्डाने भरले, पावती घेतली, बाहेर आले. साबण-तेल वगैरे बाकीचं किरकोळ सामान त्यांनी मोजलंसुद्धा नाही.

कॅमेरा पडला ९०,४४२ ला. तोच फोर्टात ७२,००० ला मिळत होता, भारताच्या वॉरंटीसकट, हे पुतण्याने स्वतः दाखवलं.

दादांनी ७९,२०० दिले. ड्यूटीचं म्हणाले ती तू स्वतःच्या हौसेने भरलीस. ते पैसे आजतागायत आले नाहीत, आणि पैशाचंही जाऊ दे, पण त्यानंतर प्रत्येक लग्नामुंजीत हा विषय निघतो की ही घाबरली आणि रेडमध्ये गेली. मी घाबरले नव्हते. अडुसष्ट किलो सामान वाहून अठरा तासांच्या प्रवासानंतर दुसऱ्याच्या वस्तूसाठी मी खोटं बोलायला तयार नव्हते. पकडलं गेलं असतं तर कॅमेरा जप्त आणि वर दंड, आणि तिथे उभी मी राहिले असते, दादा नाही. ज्याला वस्तू हवी त्याने किंमत, ड्यूटी सगळं आधी हातात ठेवावं, नाहीतर मागू नये. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं.

तर तुमच्या चुलतभावाला सांगा की ‘ड्यूटी-फ्री’चा अर्थ एवढाच की त्या दुकानात त्या देशाची ड्यूटी लागलेली नाही. आपल्या देशात शिरताना सूट असते तिच्या वरच्या रकमेवर आपली लागते ती लागतेच. मोबाइल भारतातच घ्यावा, माझं मत बदलणार नाही.

आणायचंच तर तिथलं आणा. खोबरेल तेलाचे साबण आणि लोशन्स छान असतात, रंगीत फुलाफुलांचे बुला शर्ट, सुलू म्हणजे तिथली लुंगी, झाडाच्या सालीपासून केलेलं नक्षीचं मासी. पैसे असतील तर तिथले मोती, रंग फार वेगळे असतात. शंख-शिंपले-पोवळं उचलू नका, आणि ताबुआ म्हणजे व्हेलचा दात कुणी कितीही प्रेमाने विकायला आणला तरी घेऊ नका, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. रस्त्यात कुणी गोड बोलत नाव विचारलं आणि लाकडाच्या तलवारीवर कोरायला लागला तर तिथून निघा, कोरून झालं की पैसे मागतात. गावातल्या दुकानात एका ठिकाणी ५०० फिजी डॉलरच्या वर खरेदी झाली तर व्हॅट परत मिळायची सोय आहे, पण त्या योजनेतलंच दुकान लागतं, कागद तिथेच करून घ्यायचे. रविवारी बरंचसं बंद असतं.

आणखी एक, बायकोच्या अंगावर भारी दागिने असतील किंवा तुमचा स्वतःचा महाग कॅमेरा नेणार असाल तर मुंबईहून निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे येताना ‘हे बाहेरून आणलं का’ हा प्रश्न उरत नाही. दारू भारतात येताना माणशी दोन लिटर.

आकडे मी माझ्या प्रवासाच्या वेळचे दिलेत, सूट बदलत असते, निघायच्या आठवड्यात दोन्हीकडच्या कस्टम्सच्या साइटवर चालू आकडा बघा. फिजीचा व्हॅटही तेव्हा ९ टक्के होता, नंतर बदललाय. आणि लाडू मला परत मिळाले म्हणून तुम्हालाही मिळतीलच असं नाही, ते तिथल्या माणसाने बघून ठरवायचं असतं. लिहायचं मात्र सगळं.

सिंगापूरमार्गे जाणार असाल तर बॅगेत खसखस अजिबात ठेवू नका. तिथे ती बंदी असलेल्या मालात धरतात. अनारसे नेणार असाल साडूंसाठी तर त्यावरची पण बघा.