वेंगेनला पहिल्यांदा जाताय?

स्कीइंग शिकायचंय म्हणता, तर डोळे झाकून वेंगेन निवडा. स्वित्झर्लंडमधलं हे गाव १,२७४ मीटरवर, लाकडी घरांचं. पाहुण्यांच्या गाड्या वर येतच नाहीत. कार खाली लाउटरब्रुननला ठेवायची आणि दातेरी रुळांच्या रेल्वेनं वर जायचं. शिकाऊंचा उतार गावाच्या मधोमध, त्यामुळे दमलात की सरळ खोलीवर.

स्कीचे बूट भाड्यानेच घ्या, पण निवडताना घाई नको. थंडी वाजेल म्हणून मी दोन जाड लोकरीचे मोजे चढवले होते. तासाभरात बोटं बधिर! मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा. नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे, टाच उचलता कामा नये. गुडघे वाकवल्यावर अंगठा जरासा मागे सरकला की माप बरोबर. दुकानातच दहा मिनिटं घालून बसा, कुणी हसत नाही.

पहिले दोन दिवस सगळ्या डोंगराच्या लिफ्टचा महागडा पास काढू नका, क्लास लावा. निळ्या खुणांचा उतार सोपा, लाल मधला, काळ्याकडे बघायचंसुद्धा नाही. जानेवारीत लाउबरहॉर्नची स्कीइंगची शर्यत असते, १९३० पासूनची. त्या आठवड्यात खोल्यांची मारामार.

शाकाहारी असाल तर रोस्टी, म्हणजे किसलेला बटाटा परतून केलेला पदार्थ, आहे, फक्त बेकन नको म्हणून सांगा. फॉन्ड्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, वाइन असते, चालत नसेल तर आधी विचारा. आणि हो, सनस्क्रीन! बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं. माझं नाक आठवडाभर सोलत होतं.