फवारणीआधी झाडाखाली बघा

भाऊ, अंगणातल्या बहाव्याची पानं कुरतडलेली दिसली की लगेच पंप घेऊन धावू नका. आधी झाडाखालची फरशी बघा. काळे-हिरवे बारीक दाणे ताजे पडलेले असतील तर ती अळीची लेंडी, म्हणजे वर खाणं सुरू आहे. लेंडी थांबली असेल तर बहुधा अळ्या कोषात गेल्या. आता औषध वायाच जाणार.

बहाव्यावरची गुळगुळीत हिरवी, कडेला फिकट रेघ असलेली अळी बहुतेक वेळा फुलपाखराची निघते. मोठं झाड असेल तर खाऊ द्या तिला, पावसाळ्यात ते पुन्हा पालवतं. जपायचं ते पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाला.

शेवग्यावरची केसाळ अळी मात्र वेगळी. रात्री पानं खाते, दिवसा खोडावर घोळक्यानं बसते. तेव्हाच काठीनं साबणाच्या पाण्यात पाडा. उघड्या हातानं कधीच नाही, केसांनी अंगाला आग होते.

फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. आपल्या नागपुरात कडुनिंब काय कमी आहेत! वाळलेल्या बियांची 50 ग्रॅम भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला. बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं औषध, तेही चांगलं, पण अळी लहान असतानाच, आणि ऊन उतरल्यावर. जहाल कीटकनाशक घरच्या झाडावर मी मारत नाही. अळ्या टिपायला येणारे बुलबुल आणि साळुंक्या त्यानं आधी जातात.