आजी आणि पडद्यावरचे तुकोबा

प्रिय ईरा,

लॅपटॉपवर ‘संत तुकाराम’ लावला, आजीने हात जोडले आणि तू माझ्या कानात कुजबुजलीस, “आई, तो ॲक्टर आहे हे आजीला कळत नाही का?” मी “नंतर सांगते” म्हणून टाळलं. जरा लागलंच मला. प्रश्न चुकीचा नव्हता, पण माझ्या आईबद्दल होता ना! तोंडी सांगायला गेले तर भाषण होईल, म्हणून लिहितेय.

आजीचं हे ताईआजीकडून आलंय. बापूमामाकडे भिंतीवर नऊवारीतला फोटो आहे, तीच तुझी पणजी. सोलापुरात आषाढात हाच पिक्चर टॉकीजला मॅटिनीला लागला, की दक्षिण कसब्यातून आम्हा पोरांची वरात घेऊन ती निघायची. पिशवीत भाजलेल्या शेंगा असायच्या, पण त्या मध्यंतरात. त्याआधी पिशवीत हात घातला की फटका. दिवे गेले की ती चपला काढून खुर्चीखाली सारायची आणि डोक्यावर पदर घ्यायची. शेवटी तुकोबांना न्यायला गरुड आला की सरळ उभी! एकदा मागून कोणी ओरडलं, “ओ आजी, खाली बसा, दिसंना झालंय.” ही वळूनसुद्धा न बघता म्हणाली, “वर चाललेत ते. तू पण वर बघ की!” आणि तीच ताईआजी घरी येताना सुमाआत्याला सांगायची, “पागनीसनं काय काम केलंय गं!”

पागनीस म्हणजे तुकोबांचं काम केलेले नट. म्हणजे तिला कळत होतं. पुरतं कळत होतं.

तुझ्या शाळेची सहल वेस्ट ऑरेंजला गेली होती, तिथे एडिसनच्या सिनेमाच्या काळ्या स्टुडिओची प्रतिकृती पाहिलीस ना? मूळचा 1893 मधला. छत उघडायचं, आणि ऊन सरकेल तसा अख्खा स्टुडिओ रुळावर फिरवायचे. पण तिथली चित्रं बघायची पेटीला डोळा लावून, एका वेळी एकाच माणसाने. तू फोनवर बघतेस, जवळपास तसंच. पुढे ल्युमिएर बंधूंनी 1895 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये तिकीट लावून सगळ्यांना एकत्र पडद्यावर दाखवलं, आणि 7 जुलै 1896 ला ते मुंबईत, वॉटसन हॉटेलात पोचलंसुद्धा.

मग आपले दादासाहेब फाळके. मुंबईत येशूवरचा चित्रपट बघता बघता त्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसायला लागले. 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. कोऱ्या फिल्मला भोकं नसायची. ती रात्री अंधारात सरस्वतीबाई पाडायच्या, आणि दिवसा सगळ्या युनिटचा स्वयंपाक. (यांचं नाव मात्र आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.) 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाई मिळेना, म्हणून तारामती झाले हॉटेलात काम करणारे साळुंके. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! तरी रामाला बघून लोक हात जोडायचे म्हणतात. सीतेच्या लुगड्यात तोच बाप्या आहे हे त्यांना दिसत नसेल का?

‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली, 1933 मध्ये पुण्याला आली. ‘संत तुकाराम’ त्यांचाच, 1936 चा. दिग्दर्शक दोघं, दामले आणि फत्तेलाल. साहेबमामा फत्तेलाल मुसलमान होते. त्यांनी उभ्या केलेल्या देहूपुढे ताईआजी चपला काढून बसायची, आणि त्यात तिला काही वेगळं वाटलं नाही.

आता माझी अडचण. हात जोडायची सवय लागली की समोर कोण आहे हे बघायचं राहून जातं. हिरोच्या कटआउटला दूध घालतात, तो पुढे निवडणुकीला उभा राहिला तर मतंही देतात, ते मला अजिबात पटत नाही. मग ताईआजीचं चालतं आणि त्यांचं नाही, असं मी कशावरून म्हणते? तिने तुकोबांकडे कधी काही मागितलं नाही, एवढंच मला सुचतं. पुरेसं आहे की नाही, तूच ठरव.

तू हात जोड असं मी म्हणत नाहीये. मीही जोडत नाही, आणि बापूमामा तर नेमका गरुड आला की बिडी ओढायला बाहेर सटकायचा. आजीला विचारायचंच असेल तर खुशाल विचार. फक्त ‘ॲक्टर’ म्हणू नकोस, पागनीस म्हण. मग ते आधी नाटकात बायकांची कामं करायचे इथपासून ती सुरू करेल. शाळेची बस यायच्या वेळी मात्र विचारू नकोस.

तुझी,
आई